ओला वाख

तळं आटलं त्याला दुसरं वर्ष लागलं होतं. पहिल्या वर्षी मधोमध चिखल तरी राहिला होता. दुसऱ्या वर्षी तळाला हातभर खोल भेगा पडल्या, आणि जिथे आम्ही कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून काड्या धूत होतो तिथून लोक पायवाट काढून पलीकडे जाऊ लागले.

आमची गल्ली दोर वळणाऱ्यांची. चार घरं. अंबाडीच्या काड्या तळ्यात दडपून ठेवायच्या, आठ-दहा दिवसांनी साल सुटली की सोलायची, आपटायची, धुवायची, वाळवायची, की झाला वाख. त्याचा दोर. पाणी गेलं तसा घरचा वाख गेला, आणि चारही घरं काटेवाल्याच्या वखारीच्या दारात जाऊन उभी राहिली.

काटेवाला म्हणजे वाखाचा आणि दोराचा व्यापारी. वखारीत त्याने आढ्याला भला मोठा तराजू टांगला होता, म्हणून तो काटेवाला. वाख तोच उधार द्यायचा, दोर तोच घ्यायचा. चाळीस किलो वाख नेला की छत्तीस किलो दोर परत. चार किलो तूट तो मान्य करायचा. आमचा दोर भरायचा एकतीस, फार तर बत्तीस. कमी पडलेल्या वाखाची किंमत मजुरीतून वळती व्हायची, मजुरी पुरली नाही की वहीत चढायची, आणि वहीवर व्याज. वहीत नाव आहे तोवर वाख दुसऱ्या कुणाकडून घ्यायचा नाही, असा त्याचा नियम होता.

घरात आम्ही तिघं. आमचे हे, सासूबाई आणि मी. लग्नाला तीन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. वाख कमी भरला की त्याचं खापर माझ्यावर फुटायचं, कारण वाख विंचरायचं काम माझं.

"माझ्या हातून चिमूटभर वाया जात नव्हता," सासूबाई शेजारच्या जुळ्या भावांच्या घरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या. "हिच्या हाताला भोक आहे. सोनं दिलं तरी गळून जाईल."

मी विंचरून खाली पडलेलं भुसकट कुंच्याने गोळा करून त्यातले बोटभर धागेसुद्धा वेचत बसे. बोटांच्या टोकांना चिरा पडल्या होत्या. मीठ हाताळताना डोळ्यांत पाणी यायचं.

काम उजाडता सुरू व्हायचं. घरांच्या मागे दीडशे पावलांची मोकळी पट्टी होती. एका टोकाला चाक. सासूबाई चाक फिरवायच्या आणि हे कमरेला वाख गुंडाळून, दोन्ही हातांनी तो सोडत, उलटे चालत जायचे. आयुष्यभर उलटं चालून यांच्या टाचा बैलाच्या खुरासारख्या झाल्या होत्या. यांच्या हाताचा दोर गल्लीत पहिला समजत. मान वर करून न बघता, नुसत्या बोटांना सूत कुठे बारीक झालं ते कळायचं. जाड दोर असला की चारही घरांचे हात लागायचे, तेव्हा सगळे यांचंच ऐकायचे. त्याचा यांना अभिमान होता, आणि माणसाजवळ एवढी एकच गोष्ट असली की तो ती फार जपतो.

त्या उन्हाळ्यात एकदा वखारीतून गठ्ठा आणला आणि मी तो सोडला, तर आतला वाख हाताला गार लागला. बाहेर अंगाची लाही होत होती, आणि वाख गार. मी त्यातली एक मोळी उचलून कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे नेली.

"काय वहिनी, केस विकायला काढले की काय?" तो म्हणाला.

"तुमच्या डोक्यावर लावायला आणलेत. तोला आधी."

आठ किलो भरली. मोळी मी पत्र्यावर दोन दिवस उन्हात टाकली आणि पुन्हा नेली. साडेसहा. किराणावाल्याने काट्याखाली बोट घालून पाहिलं, काटा झटकला, पुन्हा तोलली. साडेसहाच.

घरी येऊन मी सासूबाईंना सांगितलं. त्या चाकाला तेल घालत होत्या. त्यांनी तेलाचे हात पदराला पुसले. मग उठून गठ्ठ्यात कोपरापर्यंत हात घातला आणि तसाच ठेवला.

"पाण्याचे पैसे घेतो मेला," त्या म्हणाल्या. "तळं आटलं म्हणून रडत होतो आपण. तळं त्याच्या वखारीत आहे."

संध्याकाळी दोन कांदे होते त्यातला मोठा माझ्या ताटात आला.

गल्लीत ताडकाकूंचा शब्द चाले. काकू चांगल्या सहा फूट उंच, विधवा, एकटीने दोर वळणारी बाई. त्यांच्या पायरीवर सगळे जमले. दोघे जुळे भाऊ आले, खोकल्या आजोबा आणि त्यांची लेक आली, आम्ही तिघं. मी मोळीची गोष्ट सांगितली. धाकट्या जुळ्याने लगेच वखार पेटवायची भाषा केली.

"पेटव," ताडकाकू म्हणाल्या. "ओला वाख आहे, पेटायचा नाही."

दुसऱ्या दिवशी जुळे विचारायला गेले आणि तासाभरात परत आले. काटेवाला भांडलासुद्धा नव्हता. "ओला वाटतो तर नेऊ नका," म्हणाला. "वही फेडा आणि खुशाल बाजारातून कोरडा आणा. मी कुणाचे पाय बांधलेत?"

तिथून ताडकाकूंच्या मनाने घेतलं. चार घरं एकदम सुटणं शक्य नव्हतं. पण चौघांनी मिळून एकाला सोडवायचं. सुटलेलं घर बाजारातून रोखीने कोरडा वाख आणेल, त्याची तूट संपेल, मग ते जास्त हप्ता देईल. मग दुसरं घर. व्याज ज्याचं त्याने भरायचं, मुद्दल सगळ्यांनी. ज्याचं कर्ज सर्वांत लहान त्याची पाळी पहिली, सर्वांत मोठं त्याची शेवटी.

"आपापला आकडा तोंडाने सांगायचा," काकू म्हणाल्या. "इथे, सगळ्यांसमोर. लाजायचं असेल त्याने आत्ताच घरी जावं."

लाज सगळ्यांनाच वाटत होती. नवरा-बायकोतसुद्धा जे आकडे बोलले जात नव्हते ते त्या पायरीवर बोलायचे होते. आजोबा खोकले, पायाच्या अंगठ्याकडे बघत तीनशे म्हणाले. जुळे पाचशे चाळीस. हे म्हणाले, "सातशे." ताडकाकूंनी स्वतःचे आठशे साठ सांगितले आणि हसल्या. "म्हणजे शेपूट मीच. बरं आहे, उंच माणसाने मागेच उभं राहावं."

हप्ता ठरला दर शनिवारी घरटी दहा रुपये. आम्हाला दहा म्हणजे डोंगर होता. त्या रात्री, दिवा विझवायच्या आधी, सासूबाई आणि मी जमिनीवर कोळशाने रेघा ओढून हिशेब मांडला. साखर गेली. साबण गेला, राखेने कपडे धुवायचे. दिवा जेवण होईपर्यंतच. यांची तंबाखू निम्मी. सासूबाईंच्या गुडघ्याला लावायचं तेल होतं, त्यावर मी रेघ मारली नाही. त्यांनीच माझ्या हातातून कोळसा घेऊन मारली. एवढं करून नऊ होत होते. दहावा कुठून आणायचा ते कळेना. शेवटी मी खानावळीची भांडी घासायला जाऊ लागले. चिरा पडलेली बोटं सोड्याच्या पाण्यात घातली की कळ डोक्यापर्यंत जायची.

पण शनिवार चुकला नाही. ताडकाकूंच्या पायरीवर पत्र्याचा डबा ठेवलेला असायचा. प्रत्येकाने आपली रक्कम मोठ्याने बोलून आत टाकायची. एकदा थोरला जुळा नऊच घेऊन आला. काकूंनी डबा पुढे केला नाही. तो गेला आणि अंगातला सदरा किराणावाल्याकडे ठेवून एक घेऊन आला. उघडा बसला. कुणी हसलं नाही. म्हणजे धाकटा हसला, पण तोही लगेच गप्प झाला.

नवव्या आठवड्यात आजोबा सुटले. त्यांनी बाजारातून कोरडा वाख आणला तेव्हा आम्ही सगळ्या बायका तो नुसता हातात धरून बघायला गेलो. कुरकुरत होता. त्यांचा हप्ता पंधरा झाला. पुढे तीन महिन्यांनी जुळे सुटले. त्यांनी सदरा सोडवला. मग आमचे सातशे साठायला लागले.

मला तेव्हा झोप लागायची नाही. वाटायचं, आणखी दहा शनिवार, आणखी सहा. हे मात्र जसजसे दिवस जवळ येत होते तसतसे गप्प होत गेले. जेवता जेवता हात थांबायचा. मी म्हणायची, "आता कशाची काळजी?" तर म्हणायचे, "काही नाही. पीळ नीट बसत नाहीये."

सातशे भरले त्या दिवशी ताडकाकू, मी आणि हे वखारीत गेलो. काटेवाल्याने नोटा मोजल्या, थुंकी लावून पुन्हा मोजल्या आणि वही उघडली.

"सातशे जमा," तो म्हणाला. "राहिले तीनशे वीस."

ताडकाकू म्हणाल्या, "नीट बघा. दुसऱ्याचं पान असेल."

"पान यांचंच आहे. विचारा की त्यांना."

यांनी मान वर केली नाही. वखारीत वाखाचा तो ओलसर कुबट वास भरला होता. वरचा तराजू आपोआप थोडा हलत होता. काटेवाल्यानेच सगळं सांगितलं, चवीने सांगितलं. दोन वर्षांपूर्वी दगडखाणीला यांचा जाड दोर गेला होता. दोर तुटला, दगड घरंगळून खालची गाडी मोडली. माणूस थोडक्यात वाचला. खाणवाल्याने तुटलेलं टोक वखारीत आणून टाकलं. तिन्ही पेडांचे जोड एकाच जागी आले होते.

दोर वळणाऱ्याच्या पोरालाही ही गोष्ट माहीत असते. सूत संपलं की जोड द्यावा लागतो, पण एका पेडाचा जोड इथे आला तर दुसऱ्याचा हातभर पुढे, तिसऱ्याचा त्याच्याही पुढे. तिन्ही एका जागी आले की तो दोर नुसता दिसायला दोर. यांच्या हातून ते झालं होतं. गाडीची भरपाई वहीत चढली होती, आणि तिचं व्याज हे तंबाखू सोडून, दुपारी बाहेर जेवतो असं सांगून न जेवता भरत होते. तंबाखू त्यांनी निम्मी नव्हे, सगळीच सोडली होती. मला पत्ता नव्हता.

एक हजार वीस. खरा आकडा तो होता. तो सांगितला असता तर आमची पाळी शेवटची, आणि ताडकाकूंची आमच्या आधी.

परतताना काकू पुढे चालत होत्या. त्यांच्या एका पावलाला आमची दोन लागायची. गल्लीच्या तोंडाशी त्या थांबल्या आणि यांच्याकडे न बघता मला म्हणाल्या, "पैशाचं खोटं बोलला असता तर समजलं असतं. पैशापायी सगळेच बोलतात. हा दोरापायी बोलला."

घरी सासूबाईंना सांगावंच लागलं. मला वाटलं त्या ओरडतील. त्या खाटेवर बसल्या आणि मुलाला म्हणाल्या, "तिन्ही एकाच जागी?"

"त्या दिवशी अंगात ताप होता, आई."

"मग वळायचा नव्हता."

एवढंच. त्या संध्याकाळी त्या स्वतः काठी टेकत ताडकाकूंच्या पायरीवर गेल्या. मीही मागे गेले. जुळे आणि आजोबांची लेक तिथे आधीच होती. धाकटा तावातावाने बोलत होता, आम्हाला पाहून थांबला.

"आमची पाळी आम्ही सोडली," सासूबाई म्हणाल्या. "आता डबा तुझा. तुझे आठशे साठ होईपर्यंत आम्ही हप्ता देऊ. त्यानंतर तुम्ही आम्हाला काही दिलं नाहीत तरी आमची तक्रार नाही."

"म्हातारे, तुझ्यावर राग नाही," काकू म्हणाल्या.

"राग माझ्यावरच ठेव. त्याला मीच शिकवलंय वळायला."

हप्ता चालू राहिला. पण यांच्याशी गल्लीत कुणी बोलेना. जाड दोराचं काम आलं की पट्टीवर सगळे जमायचे, आणि यांना जे सांगायचं ते मला सांगायचे. "त्यांना म्हणावं जरा मागे सरका." हे चार हातांवर उभे असायचे. मी सांगायची, हे मागे सरकायचे. पूर्वी यांच्या शब्दावर चाक फिरायचं. आता ताडकाकू "चल" म्हणायच्या.

थंडी पडली तशा सासूबाई छातीत कफ होऊन आडव्या झाल्या. डॉक्टरने सुया लिहून दिल्या, बारा रुपयांच्या. दुसऱ्या दिवशी शनिवार होता आणि घरात दहा होते.

"हप्ता मोडायचा नाही," त्या म्हणाल्या. श्वास पुरत नव्हता, तरी बोलल्या. "आधीच तोंड काळं झालंय."

मी दहा मुठीत घेऊन ताडकाकूंकडे गेले आणि पायरीवर नुसती उभी राहिले.

"किती?" काकूंनी विचारलं.

"दहा. पण..."

"पण नंतर. आधी आकडा बोल आणि डब्यात टाक."

मी "दहा" म्हणाले आणि टाकले. डबा बंद करून काकू आत गेल्या, आणि स्वतःच्या व्याजाला काढून ठेवलेले बारा आणून माझ्या हातावर ठेवले. "हे डब्यातले नाहीत. माझे आहेत. पळ."

सुया दिल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई गेल्या. मी खानावळीतून आले तर चाकाकडे तोंड करून पडल्या होत्या. गुडघ्याला मी तेल लावलं, उगाचच. त्यांना उचलायला चारही घरं आली. यांच्या समोरच्या बाजूला थोरला जुळा होता. तेव्हाही ते दोघं बोलले नाहीत.

पुढच्या शनिवारी आम्ही दोघंच हप्ता घेऊन गेलो. काकूंच्या बारांपैकी दोन मी वेगळे परत केले. त्यांनी ते मोजून घेतले. तशी ती बाई होती.

उन्हाळा लागता लागता ताडकाकू सुटल्या. सुटल्याच्या संध्याकाळी मी मनाशी धरून बसले होते की आता डबा बंद होणार. काय म्हणून कुणी द्यावं? सासूबाईंनीच तसं सांगून ठेवलं होतं. यांनी तर शहरात हमाली शोधायची भाषा चालवली होती. तीनशे वीस मुद्दल दोघांच्या बळावर, ओल्या वाखावर फिटणं या जन्मात नव्हतं.

शनिवारी डबा पायरीवर होता.

आजोबांच्या लेकीने पंधरा म्हणून टाकले. जुळ्यांनी पंधरा. धाकट्याने नाणी जरा जोरातच आपटली. काकूंनी पंधरा टाकले. मग सगळे यांच्याकडे बघायला लागले. हे मला म्हणाले, "सांग, दहा."

"आकडा ज्याचा त्याने बोलायचा," काकू हवेत बघत म्हणाल्या.

हे उभे राहिले. "दहा," म्हणाले. मग थांबून म्हणाले, "राहिलेत तीनशे वीस. दुसरं कुणाचं काही नाही." नाणं डब्याच्या काठाला लागून खाली पडलं. ते त्यांनीच वाकून उचललं.

सहा आठवडे लागले. त्या सहाही शनिवारी यांनी आधी राहिलेला आकडा सांगितला, मग हप्ता टाकला. कुणी विचारलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी चारही घरं वखारीत गेली. काटेवाल्याने यांच्या पानावर आडवी रेघ मारली, वही मिटली आणि सवयीने विचारलं, "मग? वाख किती देऊ?" यांचाही हात सवयीने गठ्ठ्याच्या पोत्याकडे गेला आणि अर्ध्यात थांबला. थोरला जुळा खाकरला.

आम्ही बाहेर आलो. ऊन डोळ्यांवर येत होतं. मला वाटलं होतं हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही. खानावळीची भांडी संध्याकाळी होतीच, घरात खाट रिकामी होती, आणि कोरडा वाख घ्यायला जवळ फक्त अकरा होते. ताडकाकू नेहमीसारख्या पुढे चालत होत्या. वळणावर त्या थांबल्या, मागे वळल्या आणि यांच्या तोंडाकडे बघून बोलल्या.

"उद्या खाणीचा दोर आहे. माझ्या वाखावर वळायचा. मजुरी बरोबरीने."

हे मागे वळून बघू लागले, तिथे दुसरं कुणी आहे का म्हणून.

"ऐकतोस का? खाणीचा. खाली माणसं असतात. जोड तू बघायचेस, तिन्ही पेडांचे. दुसऱ्या कुणाच्या हातात मी देणार नाही."

"मी?" हे म्हणाले.

"तुला माहीत आहे काय होतं ते. या पोरांना अजून नुसतं ऐकून माहीत आहे."

धाकटा जुळा म्हणाला, "आणि ताप असला तर आधी सांगा."

थोरल्याने त्याला कोपराने ढोसलं. हे मात्र त्याच्याकडे वळले आणि म्हणाले, "सांगेन."

दुसऱ्या दिवशी त्या दोरावर प्रत्येक जोडापाशी हे चाक थांबवत होते. बोटांनी चाचपायचे, मग जुळ्यांना बोलवायचे, त्यांचीही बोटं तिथे ठेवायला लावायचे. दोर संपायला रोजच्या दुप्पट वेळ लागला. उन्हात उभं राहून सगळ्यांचे पाय भरून आले. पण "आटपा" असं कुणीही म्हणालं नाही.